डाव्या खांद्यामागचा आवाज

फुटबॉल पायानं खेळतात असं लोकांना वाटतं. वाटू द्या. माझ्या जागेवरचा फुटबॉल मात्र मानेनं खेळावा लागतो. मी मिडफिल्डर. म्हणजे मैदानाच्या मधोमध, चारी बाजूंनी माणसं असलेल्या जागी उभी राहणारी. आमची गोलकीपर किंवा मागच्या पोरी माझ्याकडे बॉल देतात तेव्हा माझं तोंड आमच्याच गोलकडे असतं आणि पाठ समोरच्या टीमकडे. बॉल पायाशी येईपर्यंत दीड-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघून घ्यायचं. कोण येतंय, किती लांब आहे, फिरायला जागा आहे का. ज्या पोरी येणाऱ्या बॉलकडेच बघत राहतात त्या स्वभावानं चांगल्या असतात, पण त्यांचे गुडघे फार टिकत नाहीत.

गोल मारणारीचा फोटो छापून येतो. आमच्या वाट्याला नडगीवरचे वळ. गावाकडचे नातेवाईक दरवर्षी विचारायचे, "यंदा किती गोल मारले?" माझे गोल बोटांवर मोजण्याइतके. आईनं शेवटी एक उत्तर पाठ करून टाकलं होतं. "ते मारत नाई, मारू देते." माझ्या धंद्याची याहून चांगली व्याख्या कुठल्या कोचनं केलेली मी ऐकली नाही.

मान दोनदा फिरते. तिसऱ्यांदा फिरवायला वेळ नसतो. म्हणून उरलेलं काम कानांचं. शेजारी खेळणाऱ्या पोरीला तुमच्या पाठीमागचं दिसत असतं, तिनं ओरडून सांगायचं. सगळीकडे 'मॅन ऑन', 'टर्न' असं ओरडतात. आम्ही वर्ध्याला शिकलो, तेही पोट्ट्यांबरोबर खेळून, त्यामुळे आमचे शब्द दोनच होते. मागून कोणी अंगावर येत असेल तर "आला!" आणि मोकळी असशील तर "फिर!" यात अजून एक बारीक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. गडबडीत 'फिर' म्हणायचं राहून गेलं तरी चालतं. कोणी काहीच ओरडलं नाही तर मागे कोणी नाही असं धरायचं आणि फिरायचं. गप्प राहणं म्हणजेच 'मोकळी आहेस'. त्यामुळे जिला दिसतं तिनं ओरडलंच पाहिजे. त्या सकाळी होस्टेलात बादलीवरून तिच्याशी झिंज्या उपटेपर्यंत भांडण झालं असलं तरी.

आज लिहायचं आहे ते या ओरडण्याबद्दल. दहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर क्लबच्या डॉक्टरांनी मला मैदानात पाय ठेवू दिला नसता.

माझं गाव गिरडच्या टेकडीखाली. दम वाढावा म्हणून रोज पहाटे दर्ग्याचा चढ पळत चढायची, आणि वर बसलेले म्हातारबाबा "कोन मांगं लागलं बेटी?" म्हणून हसायचे. वडील तहसील कार्यालयात शिपाई. त्यांनी दहावीनंतर मला वर्ध्याला मुलींच्या होस्टेलात ठेवलं आणि तिथं पहिल्याच दिवशी शेजारच्या खाटेवर ललिता बसलेली होती. आर्वीकडची. उंचीनं माझ्याहून बोटभर कमी, अंगानं काटक, आणि आवाज फाटका, घोगरा, वयात येणाऱ्या पोरासारखा. होस्टेलच्या बाई तिला प्रार्थनेत गाऊ देत नसत. मैदानावर मात्र तो आवाज शंभर फुटांवरून ऐकू यायचा.

आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि बॉल कुठून कुठे उडेल याचा नेम नसायचा. तिथं चार वर्षं आम्ही दोघी शेजारी शेजारी खेळलो, ती डावीकडे, मी उजवीकडे. मला माझ्या डाव्या खांद्यामागं बघायची गरजच पडत नसे. "आला वं!" "फिर वं!" तिच्या प्रत्येक हाकेत तो 'वं' असायचा. आम्हाला खेळ शिकवणारे सर म्हणायचे, "ह्या दोघी मिळून एकच पोट्टी हाये, पाय तेवढे चार हायेत." आम्हाला ते फार आवडायचं.

मग बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबची दोन माणसं ट्रायल घ्यायला वर्ध्याला आली. त्यांना एकच मिडफिल्डर हवी होती. सरांनी ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं, लपवून ठेवलं नाही. सकाळी आम्ही दोघींनी एकाच प्लेटीत तर्री पोहे खाल्ले. कोण लागणार यावर एक शब्द बोललो नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात आम्हाला एकाच बाजूनं खेळवलं. लली माझ्यापेक्षा चांगली खेळत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि खुर्चीवर बसलेल्या त्या दोघांनाही दिसत होतं. मागून तिला पास आला. तिनं उजव्या खांद्यावरून बघितलं. डाव्या बाजूनं नागपूरची एक उंच पोरगी सुसाट येत होती, ती तिला दिसली नाही. मला दिसली. अगदी निवांत दिसली, तिच्या बुटाची एक नाडी सुटलेली होती तीसुद्धा. माझं तोंड उघडलं. मी विसरले नाही, अडखळले नाही. शब्द जिभेवर होता. मी तो आत ठेवला.

कोणी ओरडलं नाही म्हणून लली फिरली.

शिट्टी झाली, फाऊल नागपूरच्या पोरीला दिला. न ओरडल्याबद्दल शिट्टी वाजवणारा पंच अजून जन्माला यायचा आहे. ललीचा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. सरांनी तिला स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी माझं नाव लागलं. ती खाटेवर पाय उशीवर ठेवून पडली होती. मी दारात उभी. ती म्हणाली, "जाजो वं. माह्या वाटचं बी खेळजो." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिचा घोटा बसला तो वाकडाच बसला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, तळेगावला, म्हणजे श्यामजी पंतांचं म्हणतात त्या तळेगावला. पत्रिका मला आली होती. तेव्हा कॅम्प होता, हे खरं आहे. तो लग्नाच्या आदल्या दिवशी संपला होता, हेही खरं आहे.

आता व्यावसायिक खेळाडू कशी जगते ते सांगते, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे झगमगाट असतो. बायकांच्या मॅचेस दुपारी साडेतीनला ठेवतात. दिव्यांचा खर्च नको म्हणून. वर ऊन रणरणतंय, तीस हजार माणसं बसतील असं स्टेडियम, आणि आत बघायला कोण? राखीव खेळाडू, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, एखादीचे आईवडील, आणि सावली बघून झोपलेलं कुत्रं. रिकाम्या सिमेंटच्या पायऱ्यांवर प्रत्येक आवाज आपटून परत येतो. बॉलला लाथ इथं बसते आणि तिचा आवाज तिकडून येतो. नवी पोरगी पहिले काही दिवस दचकतच खेळते. रात्रीच्या भुताची भीती मला कधी वाटली नाही. पण भर दुपारच्या त्या रिकाम्या खुर्च्यांकडे मी अजूनही एकटक बघू शकत नाही.

दक्षिणेतल्या एका गावी माझी चौथी मॅच. बॉल माझ्याकडे येत होता, मी उजवीकडे बघून घेतलं, आणि डाव्या खांद्यामागून स्पष्ट ऐकू आलं, "फिर वं!"

मी फिरले. विचार करायला सवडच नव्हती, चार वर्षांची सवय. मागे खरंच कोणी नव्हतं. मी पुढे पास दिला, त्यातून गोल झाला, पोरी माझ्या अंगावर पडल्या आणि त्या ढिगाऱ्याखालून मी डावीकडे कोण आहे ते बघितलं. माझ्या डावीकडे खेळणारी मुलगी केरळची होती. तिला हिंदीसुद्धा धड येत नव्हतं.

त्यानंतर तो आवाज येतच राहिला. सरावात कधीही नाही, फक्त मॅचमध्ये. फक्त डावीकडून. डोक्यात येतात तसा तो नव्हता. बाहेरून यायचा, हाकेच्या आधी छाती भरून घेतलेल्या श्वासासकट. एकदा स्टेडियम भरलेलं दिसावं म्हणून शाळांच्या पोरांना बसमधून आणून बसवलं होतं. ढोल, पिपाण्या, कानठळ्या. मला वाटलं आज काही ऐकू यायचं नाही. त्या दिवशी तो आवाज ओरडलाच नाही. अगदी जवळून, मानेजवळून, हलकेच म्हणाला, "आला वं."

घाबरले होते का? हो, पहिले दोन महिने फार. रात्रभर दिवा लावून झोपायचे. क्लबच्या फिजिओताईंना मी 'माझ्या एका मैत्रिणीला असं होतं' म्हणून विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "वर्षानुवर्षं सवय झालेला मेंदू आधीच अंदाज बांधतो. आणि तो अंदाज सांगायला ओळखीचा आवाज वापरतो. तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, फुकटचा कोच मिळालाय, ऐक." माझं मन एकदम हलकं झालं. हे मला पटलं होतं. तिसऱ्या सीझनपर्यंत पटलेलं राहिलं.

तिसऱ्या सीझनला रेमी आली. मिझोरामची गोलकीपर, माझी खोलीतली जोडीदार, कपड्यांना तीन-तीनदा साबण लावणारी, अत्यंत व्यवहारी मुलगी. एका मॅचनंतर बूट काढता काढता ती मला म्हणाली, "वो 'आला आला' कौन चिल्लाता है? उसको बोल ना हिंदी में बोले. मेरे को समझता नहीं."

मी म्हटलं, "मैं ही चिल्लाती हूँ."

रेमीनं माझ्याकडे बघितलं. "तू नहीं. तेरा मुँह बंद रहता है. मैं पीछे से पूरा मैदान देखती हूँ."

ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. मीही नाही. पण त्या रात्रीपासून तिनं आपली खाट खिडकीकडे सरकवून घेतली.

माणूस कशालाही सरावतं. मीही सरावले, एवढंच नव्हे तर आळशी झाले. डाव्या बाजूला मान फिरवणं मी हळूहळू सोडून दिलं. कोच मॅचचा व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायचे. "तू डावीकडे बघतच नाहीस. आणि तरी कधी सापडत नाहीस. हे कसं?" एका वर्तमानपत्रात आलं की हिला पाठीलाही डोळे आहेत. ते कात्रण आईनं फ्रेम करून लावलं. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच्याकडे बघून जेवण जायचं नाही. ज्या पोरीची जागा मी घेतली, तिच्याच जिवावर मी नाव काढत होते. ललीला फोन करावा असं नऊ वर्षांत किती वेळा वाटलं असेल. एकदाही केला नाही. फोन केला तर आवाज येणं बंद होईल, अशी मला भीती होती.

आमच्या मॅचेस फोनवर दाखवतात. पण फोनवरचं चित्र मैदानाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. एकदा मॅच संपल्या संपल्या मी घरी फोन लावला तर आई खेकसली, "ठेव फोन! खेळ सोडून फोन काऊन करून राह्यली? आजून संपली नाई मॅच!"

गेल्या वर्षीची, स्पर्धेतली शेवटून दुसरी मॅच. पहिल्या अर्ध्यात आवाज नेहमीसारखा होता. मध्यंतरानंतर रेमीनं मला जमिनीलगत पास दिला. मी उजवीकडे बघितलं. डावीकडून हाकेची वाट बघितली. नेहमीप्रमाणे श्वास भरून घेतल्याचा आवाज आला. मी तो ऐकला, याबद्दल मला तीळमात्र शंका नाही. पण त्यानंतर काही नाही.

गप्प, म्हणजे मोकळी. मी फिरले.

डावीकडून आलेली पोरगी मला पहिल्यांदा दिसली ती मी पडल्यावर. गुडघ्यातून ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, तो रिकाम्या पायऱ्यांवर आपटून मला परत ऐकू आला. स्ट्रेचर येईपर्यंत मी कान लावून पडून होते. झेंड्याच्या खांबावर दोरी आपटत होती, एवढंच.

ऑपरेशन झालं, नऊ महिने व्यायाम झाला, गुडघा बरा झाला. क्लब चांगला, त्यांनी आणखी एका सीझनचा करार पाठवला. पण सरावाला उतरले तेव्हा कळलं की माझी मान डावीकडे वळतच नाही. दुखत नव्हती. तिथं बघायचं असतं हे ती विसरून गेली होती. आणि सरावाच्या मॅचमध्ये डावीकडे कोणी काही बोलेना. पुन्हा तसाच गुडघा गेला तर चालणंही अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणून मी तळेगावला गेले. माफी मागायला गेले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. खरं म्हणजे मी आवाज परत मागायला गेले होते.

वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव. बाजाराच्या गल्लीत ललीचं ब्लाऊज शिवायचं आणि पिको-फॉलचं छोटं दुकान. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती मशीनवर बसली होती. अंगानं भरली होती, आवाज तोच. मला बघून तिनं मशीन थांबवलं नाही.

"ये. बस. पाय सरका करून बस, वाकवू नको." म्हणजे तिला गुडघ्याचं ठाऊक होतं. रिळांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. "ह्याच्यावरच पाह्यतो मी तुह्या मॅची. एकबी नाई सोडली. मशीनीवर बसून वरडतो. सासू म्हनते, यडी झाली का वं, कोनाले हाका मारतेस."

मी विचारलं, "काय वरडतेस?"

"काय म्हंजे? आला. फिर. आपलं जे होतं तेच."

दुकानात पंखा फिरत होता. मी विचारलं, "गेल्या साली, माहा पाय मोडला त्या दिवशी? तवा बी पाहून राह्यली होती?"

तिनं मशीन थांबवलं. कापड काढलं, दातांनी दोरा तोडला.

"पाह्यत होती. डावीकडून येतांना दिसली मले ते पोट्टी. श्वास बी घेतला मी. मंग नाई वरडली."

"काऊन?"

"तुले ठाऊक हाये ना, कसं असते ते."

मी वेड्यासारखी हुज्जत घालू लागले. "लली, फोनवर अर्धा मिनिट उशिरा दिसते. तुले दिसलं तवा मी कवाची पडलेली होती. तू वरडली काय अन् नाई वरडली काय, काही फरक पडत नाई."

"असंन," ती म्हणाली. "मंग इतके वर्स तुले आयकू कसं आलं?"

मी तिला आवाजाबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

मग मी सांगून टाकलं. ट्रायलच्या दिवशी मला ती पोरगी दिसली होती, मी मुद्दाम गप्प राहिले, सगळं. रडत रडत सांगितलं. ललीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मालूम हाये."

"कवापासून?"

"तवापासून. पडल्यावर मी पयले तुह्याकडेच पाह्यलं. तोंड उघडंच होतं तुहं."

म्हणजे खाटेवरून 'जाजो वं' म्हणाली तेव्हा तिला ठाऊक होतं. तळेगावच्या या मशीनवर बसून नऊ सीझन माझ्यासाठी घसा फोडत होती तेव्हाही ठाऊक होतं.

"तरी वरडत होती?" मी विचारलं.

"नऊ वर्स वरडली. एक दिवस नाई वरडली."

बाहेर कोणीतरी फॉल लावायला साडी घेऊन आलं. ललीनं साडी घेतली, बोटांनी काठ मोजला, परवा या म्हणून सांगितलं. ते माणूस जाईपर्यंत मी भिंतीकडे बघत बसले. आणि नंतर मी जे विचारलं त्याची मला आजही लाज वाटते. माफी राहिली बाजूला. मी विचारलं, "आता खेळली तं वरडशीन का?"

ती रागावलेली नव्हती, हसलीही नाही. मग तिनं पायटा दाबला आणि मशीन सुरू झालं.

"खेळून तं पाह्य."

मी ते वाक्य परतीच्या पूर्ण वाटेवर उलटसुलट करून बघितलं. त्यात धमकी होती की माया, मला आजवर कळलेलं नाही. घरी येऊन मी करारावर सही केली. का केली, ते नीट सांगता येणार नाही. तिचं उत्तर मिळवायची दुसरी जागा मला माहीत नाही, एवढं खरं.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमची पहिली मॅच आठवड्यावर आलेली असेल. दुपारी साडेतीनलाच. मला भीती वाटते, हे इथं लिहून ठेवते. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मॅच बघणार असल्याचं ललीनं कळवलं आहे. तेवढंच कळवलं आहे.